मार्क पाच काही आला नाही

आधीच सांगतो, मी वाट बघणाऱ्यातला माणूस आहे. कॅननचा फाइव्ह डी मार्क थ्री कॅमेरा २०१२ च्या मार्चमध्ये जाहीर झाला, मी तो पुढच्या वर्षी घेतला, मग २०१६ ला मार्क फोर आला तेव्हा म्हणलं आपला तीन मस्त चाललाय की, चार सोडून देऊ आणि एकदम पाचच घेऊ. हा हिशोब माझ्या एकट्याचा नव्हता बरं का, आमच्या तालुक्यातल्या निम्म्या फोटोग्राफरांचा हाच हिशोब होता, सीझन संपला की चहाच्या टपरीवर विषय तोच, पाच कधी येतोय. २०१८ च्या सप्टेंबरात कॅननने आर नावाचा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा काढला तेव्हा आम्ही त्याला खेळणं म्हणालो. २०२१ संपता संपता कंपनीच्या प्रमुखांनीच जपानमधल्या एका पेपरला सांगितलं की वन डी एक्स मार्क थ्री हा आमचा शेवटचा फ्लॅगशिप डीएसएलआर, म्हणजे आरशावाल्यातला सगळ्यात वरचा कॅमेरा, आणि तरी मी मनात म्हणतोय की अहो ते वन डी बद्दल बोलले, फाइव्ह डी बद्दल कुठं काय बोलले. माणसाला आशा असते हो. पैसे वाचतायत म्हणल्यावर तर फारच असते.

मी सासवडचा. स्टुडिओ अण्णांनी टाकलेला, म्हणजे माझ्या वडिलांनी. अण्णा यशिका मॅट या जुन्या रोलच्या कॅमेऱ्यावर लग्नांचे फोटो काढायचे, १२० चा रोल, एका रोलमध्ये १२ फोटो, अख्ख्या लग्नाला पाच-सहा रोल, म्हणजे ६०-७० फोटोत हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं बसवायचं. मी २००५ ला कॅननचा ३५० डी घेऊन आलो, ८ मेगापिक्सेलचा, तर अण्णांनी पहिला प्रश्न विचारला होता, याच्यात रोल किती मावतात. मी काहीतरी शेकड्यात आकडा सांगितला. ते म्हणाले, मग तू बघणार कधी?

तेव्हा मी हसलो होतो.

तर मार्क थ्री. त्याने माझं घर चालवलं, खोटं बोलणार नाही. शटर दीड लाख क्लिकला रेटेड असतं, माझं दोन लाखाच्या पुढं जाऊन गेलं, बदलून घेतलं, परत चालू. ग्रिपचं रबर सुटलं ते फेव्हिक्विकने चिकटवलं, वाकडं बसलं, त्या वाकड्या रबरावर माझा अंगठा आता बरोबर बसतो. ८५ मिमीच्या लेन्सच्या फोकस रिंगमध्ये जेजुरीचा भंडारा जाऊन बसलाय तो आजतागायत निघाला नाही, ब्रश मारला, ब्लोअर मारला, रिंग फिरवली की परत एक पिवळी रेघ वर येतेच. मी काढायचा नाद सोडला. खंडोबा आहे म्हणलं, राहू दे.

बदलायची वेळ आली ती एका फोटोमुळे. २०२४ चा मे महिना, गोरज मुहूर्ताचं लग्न, कार्यालय खालच्या बाजूचं जुनं, उजेड आधीच गेलेला आणि स्टेजवर दोन हॅलोजन. मंगलाष्टकं संपत आली, मी नवरीच्या बाजूने, मामा मागं उभे, अंतरपाट धरलेला. आमच्या धंद्यात या एका सेकंदाला फार भाव आहे, अंतरपाट खाली येतो आणि ती दोघं एकमेकांकडं बघतात, पुढं हार वगैरे सगळं परत करून घेता येतं, हार घालताना थांबा एक मिनिट असं म्हणता येतं, पण हे बघणं परत करून घेता येत नाही. शुभमंगल सावधान झालं, ताशा वाजला, अंतरपाट ओढला, मी बटण दाबून धरलं, सेकंदाला सहा फोटो, खाट खाट खाट खाट. रात्री घरी येऊन बघतोय तर अकरा फोटो. दहांमध्ये तांदूळ शार्प. हवेत लटकलेले अक्षतांचे दाणे इतके शार्प की कुंकू लागलेलं दिसतंय, आणि मागं नवरी म्हणजे लोण्याचा गोळा. एका फोटोत मामांचा चष्मा शार्प होता.

गिऱ्हाईकाने काही तक्रार केली नाही. त्यांना कळलंच नाही. अल्बममध्ये मी हार घालतानाचा मोठा लावला आणि वेळ मारून नेली. पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि खरं सांगायचं तर दोष सगळा कॅमेऱ्याचा पण नव्हता, फोकसचा पॉइंट मीच मधला धरला होता कारण कडेचे पॉइंट त्या उजेडात चाचपडतात हे मला माहीत होतं. मार्क थ्रीला ६१ पॉइंट आहेत पण सगळे मध्ये गर्दी करून बसलेत, नवरी फ्रेमच्या कडेला असली की आधी फोकस धरा मग कॅमेरा फिरवा, हे अकरा वर्षं केलं, हात शिकला होता. त्या दिवशी हात चुकला. चाळिशी पण लागलीय म्हणा.

पैशाचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. नवा मिररलेस घ्यायचा ठरवला, तर बॉडीच, म्हणजे बिनलेन्सचा नुसता कॅमेरा, दोन लाखाच्या वर. भिशीचा माझा नंबर ऑगस्टला लागला, वीस जणांची पाच हजाराची भिशी, एक लाख तिथून. एक लाख पतसंस्थेतून, जामीन मेव्हणा. वरचे जे काही होते ते दिवाळीनंतरच्या लग्नांच्या ॲडव्हान्समधून, जे करू नये असं मी सगळ्या नव्या पोरांना सांगतो. एक जण म्हणाला मुंबईला बोरा बाजारात जा, बिनबिलाचा वीस-पंचवीस हजाराने स्वस्त मिळेल, १८ टक्के जीएसटी तुला कशाला हवाय, तुझा नंबर तरी आहे का. नंबर नाही हे खरं, क्रेडिट पण मिळणार नाही. पण बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि मी एकदा बिनबिलाच्या फ्लॅशवर हात पोळून घेतलेत. दिवे घाट उतरून पुण्यातनं बिलावर घेतला. कॅननचाच आर सिक्स मार्क टू. का तोच, तर माझ्या लेन्स सगळ्या ईएफच्या, म्हणजे कॅननच्या आरशावाल्या कॅमेऱ्यांच्या, ॲडॅप्टर लावला की चालतात, दुसऱ्या कंपनीकडं जायचं म्हणजे लेन्सचा आख्खा संसार विकायचा, आणि तेवढी हिंमत पण नाही आणि पतसंस्थेचा तेवढा माझ्यावर विश्वास पण नाही.

जुना विकायला काढला होता. एकाने २८ हजार सांगितले, एकाने शटर काउंट विचारून फोनच ठेवला. अण्णा म्हणाले ठेव स्टुडिओत, खात नाही काही.

दसऱ्याच्या सुमारास खंडेनवमीची पूजा आमच्याकडं दणक्यात असते. यशिका मॅट, ३५० डी, मार्क थ्री, ट्रायपॉड, स्टुडिओचे लाइट, कटर सुद्धा, सगळं पाटावर मांडून झेंडूची फुलं. त्या वर्षी मध्यभागी हा नवा. पूजा झाल्यावर अण्णांनी तो उचलला आणि डोळ्याला लावला, म्हणाले बंद आहे रे, काहीच दिसत नाही. त्यांना सांगितलं की अण्णा हा चालू केल्याशिवाय दिसत नाही, आत आरसा नाही, छोटा टीव्ही आहे. त्यांना ते पटलं नाही. त्यांची सवय अशी की कॅमेरा बंदच असतो, डोळ्याला लावून आधी जागा बघायची, चार पावलं मागं, दोन उजवीकडं, जागा सापडली की मग चालू करायचा. बॅटरी वाचवायची सवय नाही ती, रोल वाचवायची आहे. मी चालू करून दिला तर म्हणाले टीव्हीच बघायचा तर घरी बसून बघतो की.

पहिलं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच, आणि त्याची फजिती लिहून ठेवतोच. मार्क थ्रीचा चालू-बंदचा खटका डाव्या हाताला, मोडच्या चक्राखाली. अकरा वर्षं डावा अंगठा तिथं जातोय. नव्याला तो खटका उजवीकडं आहे आणि डावीकडं त्याच जागी दुसराच खटका, फोटो की व्हिडिओ असा. आता हळद चाललीय, पाटावर नवरी, सगळ्या काक्या-मावश्या आंब्याची पानं घेऊन, आणि तिची आजी, ८५ च्या पुढची, दोघींनी धरून आणलेली, ती पुढं झाली आणि थरथरत्या बोटाने नातीच्या गालाला हळद लावली. मी कॅमेरा उचलला, अंगठ्याने सवयीने डावीकडं खटका मारला, डोळ्याला लावला, दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. स्क्रीनवर सगळं दिसतंय, आजी दिसतेय, बोट दिसतंय, फोटो निघंना. मला वाटलं कार्ड गेलं. खाली घेऊन बघतोय तोवर आजी मागं फिरली. व्हिडिओ मोडवर टाकला होता मी. आजीला परत हळद लावायला लावली, लावली बिचारीने, पण दुसऱ्यांदा ती माझ्याकडं बघत होती, नातीकडं नाही.

त्या खटक्यावर मी आता पांढरी चिकटपट्टी लावलीय. दोन लाखाच्या कॅमेऱ्याला चिकटपट्टी. शोभत नाही पण अंगठ्याला खरखरीत लागतं आणि तो थांबतो.

वजनाचं एक गाजर दाखवतात सगळे, की मिररलेस हलका. मी किराणा दुकानातल्या काट्यावर नाही ठेवला, पण कागदावरचे आकडे बघा. मार्क थ्री बॅटरी-कार्डासकट ९५० ग्रॅम. नवा ६७० ग्रॅम. ऐकायला भारी. त्यात माझ्यासारख्याला ॲडॅप्टर लागतो, तो ११० ग्रॅम, झाले ७८०. आणि त्याच्यापुढं लटकतंय ते ७०-२०० लेन्सचं धूड, १४९० ग्रॅम, ते काही मिररलेस झालेलं नाही. तर वाचले १७० ग्रॅम, आणि त्याबदल्यात खिशात तीन बॅटऱ्या जास्तीच्या, कारण टीव्ही सतत चालू म्हणल्यावर बॅटरी खाणारच. पूर्वी दोन बॅटऱ्यांत दिवस निघायचा, आता पाच घेऊन जातो. जुन्या एलपी-ई६ बॅटऱ्या चालतात हे मात्र बरं केलंय. एक डुप्लिकेट बॅटरी टाकली तर कॅमेऱ्याने स्क्रीनवर मलाच विचारलं की या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का. मांडवात, मुहूर्ताच्या आधी. मी हो म्हणून दाबलं. देव माफ करो.

कॅमेरा घेतला म्हणजे खर्च संपला असं ज्याला वाटतं त्याने माझ्याकडं यावं, मी चहा पाजतो आणि यादी वाचून दाखवतो. माझ्याकडं सीएफ कार्डं होती आठ, चांगली, ती बाद, याला दोन्ही खोबणी एसडीच्या, आणि साधं एसडी टाकलं की भराभर काढल्यावर कॅमेरा दम खातो, म्हणून फास्टवाली घ्या. पहिल्या लग्नाच्या रात्री दीड वाजता कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर एकही रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, उघडंना. माझं फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर लाइटरूम ६, एकरकमी घेतलेलं, त्याचं शेवटचं अपडेट २०१७ च्या डिसेंबरचं आणि सीआर३ ही कॅननची नवी रॉ फाइल आली २०१८ ला. ही माझीच चिकटेगिरी, पाच-सहा वर्षं लोक सांगत होते की बाबा महिन्याचं घे, मी म्हणायचो भाड्याने काय घ्यायचंय सॉफ्टवेअर, घर आहे का ते. त्या रात्री रॉ फाइल जुन्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी करणारं डीएनजी कन्व्हर्टर उतरवून घेतलं, ते फुकट आहे, सगळ्या फाइली डीएनजी करून मग जुन्यात उघडल्या, सकाळी सहा वाजता कोंबडं आरवलं तेव्हा ४० टक्के झालं होतं. पुढच्या आठवड्यात महिन्याचं घेतलं. व्हिडिओचं तर बोलूच नका, १० बिटचा व्हिडिओ माझ्या जुन्या मशीनवर स्लाइड शो सारखा चालतो. मशीन अजून बदललेलं नाही, पुढची भिशी.

पण खरा खर्च हा पण नाही. खरा खर्च रात्रीचा आहे.

असं बघा, मार्क थ्रीवर दोन दिवसाच्या लग्नाचे माझे अडीच हजार फोटो व्हायचे. नव्यावर पहिल्या लग्नाचे सात हजार झाले. एक रॉ साधारण २७ एमबी, दोन्हीकडं जवळपास तेवढाच, पण सात हजार गुणिले २७ म्हणजे १८९ जीबी, आणि बॅकअप धरून दुप्पट. हार्ड डिस्क विकत घेता येते, ठीक आहे. पण ते सात हजार बघणार कोण? याला इलेक्ट्रॉनिक, म्हणजे पडदा न हलवणारं शटर लावलं की सेकंदाला ४० फोटो निघतात, अक्षता पडतायत तेवढ्या वेळात १२०. त्या १२० मधून एक निवडायचा. नवरीचा डोळा यात जास्त उघडा, त्यात नवरदेवाचं हसू बरं, तिसऱ्यात दोन्ही बरं पण करवलीचा हात मध्ये. एकसारखे १२० फोटो पुढं-मागं करत बसलो की साधारण चाळिसाव्याला आपल्याला नवरी कशी दिसते हेच आठवेनासं होतं. एकदा रात्री बायको उठून पाणी प्यायला आली, पाठीमागं उभी राहून बघत होती, म्हणाली हे सगळे सारखेच आहेत. मी म्हणलं नाही, बघ नीट, या फोटोत पापणी. ती म्हणाली, झोपा आता, पापणी मिटायची वेळ तुमची झालीय.

तेव्हा मला अण्णांचं आठवलं, मग तू बघणार कधी. वीस वर्षांनी उत्तर सापडलं, रात्री दोन वाजता बघणार. अण्णा बटण दाबायच्या आधी निवडायचे, मी दाबल्यानंतर निवडतोय, काम तेच, फक्त माझं पगारी नाही. गिऱ्हाईक मांडवातल्या दिवसाचे पैसे देतं, रात्रीचे नाही देत. आता मी ४० वालं बंदच करून टाकलंय, हळू लावतो, आणि अंतरपाट, सप्तपदीतला एक फेरा आणि पाठवणी सोडली तर बोट धरून ठेवत नाही. तीन-साडेतीन हजारावर आलोय. अजून उतरेल.

इलेक्ट्रॉनिक शटरने अजून एक धडा दिला. आवाज होत नाही म्हणून मंगलाष्टकांच्या वेळी मी खुशीत तेच लावलं, गुरुजी पण खुश, नाहीतर दरवेळी खाटखाट ऐकून कपाळाला आठ्या. घरी येऊन बघतो तर फोटोंवर आडवे पट्टे. जिथं डेकोरेशनवाल्याचे एलईडी होते तिथं झेब्रा. कारण असं की हे शटर सेन्सर एका दमात वाचत नाही, ओळ ओळ करून वरून खाली वाचतं, आणि आपल्याकडची लाइन ५० हर्ट्झची, तिच्यावरचे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंद होतात, डोळ्याला कळत नाही, पण ओळ वाचताना नेमका मंद आला की तिथं काळा पट्टा. १/१०० किंवा १/५० ठेवलं तर बरंच निभावतं, पण मांडवात चाळीस प्रकारचे दिवे, प्रत्येकाची लुकलुक वेगळी. वर इलेक्ट्रॉनिकवर याचा फ्लॅश पण मारत नाही. मी मांडवात मेकॅनिकलवर, म्हणजे पडद्याच्या शटरवर परत आलो. गुरुजींच्या आठ्या परवडल्या.

आता वाचणाऱ्याला वाटेल हा माणूस रडायलाच बसलाय, तर तसं नाही. अंतरपाट आता चुकत नाही. गेल्या सीझनला पस्तीसेक लग्नं केली, एकातही अंतरपाट गेला नाही. नव्याचा फोकस डोळा धरतो म्हणजे धरतो, फ्रेमच्या कोपऱ्यात असला तरी, मुंडावळ्या डोळ्यांवर लोंबत असल्या तरी, अर्ध्या वेळेला होमाच्या धुरातून सुद्धा. कधी कधी गुरुजींचाच डोळा धरून बसतो, त्यांचा चेहरा त्याला का आवडतो देव जाणे, पण एक टिचकी मारली की सुटतो. आणि ती भंडाऱ्याची ८५ ची लेन्स. ती मी मोडीत काढली होती, एफ १.८ वर कायम डोळा सोडून कानावर फोकस जायचा, जुन्यात फोकसची मायक्रो ॲडजस्टमेंट करून करून थकलो. ती नव्याला लावली आणि पापण्यांचे केस मोजून घ्या. लेन्स बिघडलीच नव्हती. डीएसएलआरमध्ये फोकस बघणारा सेन्सर वेगळा, आरशाच्या खाली बसलेला, फोटो निघतो तो सेन्सर वेगळा, दोघांचं केसभर जुळलं नाही की बिनसलं. नव्यात ज्याच्यावर फोटो त्याच्यावरच फोकस, मग भांडण कुणाचं कुणाशी. बारा वर्षांपूर्वी घेतलेली लेन्स परत हाताशी आली याचा आनंद मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त झालाय.

आणि टीव्ही टीव्ही म्हणून अण्णांनी नावं ठेवली तरी गुलाबी कापडाच्या मांडवात नवरीचा चेहरा किती गुलाबी होणार हे दाबायच्या आधी दिसतं, हे माझ्यासारख्याला वरदान आहे.

गिऱ्हाईकाला यातलं काय दिसतं? काही नाही. मार्क थ्रीचा फोटो ५७६० बाय ३८४० पिक्सेल, नव्याचा ६००० बाय ४०००. रुंदीला २४० पिक्सेल जास्त. अल्बमच्या १२ बाय ३६ इंची करिझ्मा शीटवर, त्यातही आम्ही एका शीटवर पाच-सहा फोटो कोंबतो, तिथं कुणी ओळखून दाखवावं. मी रेट पाच हजाराने वाढवायचा प्रयत्न केला, कॅमेरा नवीन घेतलाय म्हणलं, तर नवरदेवाचे काका म्हणाले, अहो कॅमेरा तुमचाच ना, मग आम्ही का पैसे द्यायचे. बिनतोड. एका नवरदेवाने मात्र फोन काढून दाखवला, याच्यात मागचं ब्लर होतं, तुमच्यात होतं का. होतं म्हणलं.

जेजुरीचं राहिलंच. नवं जोडपं जेजुरीला जातं, नवरा बायकोला उचलून पायऱ्या चढतो, हे सगळ्यांना फोटोत हवंच असतं. माझ्या घरापासून जेजुरी अर्ध्या तासावर, त्यामुळं सीझनला महिन्यातनं चार-पाच वेळा गडावर. नवा कॅमेरा घेऊन पहिल्यांदा गेलो, रविवार, गर्दी, यळकोट यळकोट चाललंय, भंडारा असा उधळतायत की समोरचा माणूस दिसत नाही, आणि मी शहाणा त्या पिवळ्या ढगात उभा राहून लेन्स बदलली. चालू कॅमेऱ्याची. आधी पुढं आरसा असायचा, शटरचा पडदा असायचा, कचरा आत जायला दोन दरवाजे. याचा सेन्सर लेन्स काढली की उघडा, ताटासारखा समोर. बंद करून काढली असती तर निदान शटर मिटलं असतं, तसं सेटिंग मेनूत आहे, पण मेनू कोण वाचतो. संध्याकाळी आभाळाच्या फोटोत सगळीकडं डाग, एफ ११ ला तर गोवर आल्यासारखं आभाळ. ब्लोअरने निम्मे गेले, बाकीच्यांसाठी पुण्याला चक्कर, सेन्सर साफ करून घेतला. तो पोरगा भिंगातून बघत म्हणाला, दादा हे पिवळं काय आहे? मी सांगितलं. त्याने कानाला हात लावला. आता गडावर दोन बॉडी नेतो, एकीला ७०-२०० एकीला २४-७०, लेन्स बदलायचीच नाही, आणि दुसरी बॉडी म्हणजे अर्थात तोच म्हातारा मार्क थ्री. भंडारा खाऊन खाऊन तयार झालेला.

मधल्या काळात नोव्हेंबर २०२५ ला मार्क थ्री आला. म्हणजे आर सिक्सचा मार्क थ्री. ३२.५ मेगापिक्सेल. टपरीवर लगेच एकाने विचारलं, घेणार का? माझे पतसंस्थेचे नऊ हप्ते बाकी होते.

स्टुडिओत नवा कॅमेरा टिकला नाही. पहिल्याच दिवशी पासपोर्टला लावला, लाइट तेच जुने, वर फ्लॅश पेटवणारा ट्रिगर बसवला, एफ ८, १/१२५, आयएसओ १००, आणि डोळ्याला लावला तर आत अमावस्या. खोलीतल्या ट्यूबच्या उजेडात ते सेटिंग म्हणजे अंधारच, तो प्रामाणिकपणे अंधार दाखवत होता, फ्लॅश पडणार आहे हे त्याला काय माहीत. एक्सपोजर सिम्युलेशन, म्हणजे फोटोत येणार तेवढाच उजेड आत दाखवायचं सेटिंग, बंद केलं की दिसतं, हे मला दोन तासांनी सापडलं, तोवर चार गिऱ्हाइकं अण्णांनी जुन्यावर काढून मोकळी केली होती.

आणि दुसरा घोळ आवाजाचा. एकदा आदल्या दिवशीचं सायलेंट काढायचं राहून गेलं होतं. पेन्शनच्या कागदासाठी एक आजोबा आले, स्वच्छ धोतर, टोपी काढून केस पाण्याने बसवलेले, स्टुलावर ताठ बसले. फ्लॅश पण पडला नाही, आवाज पण नाही. मी खटका शोधतोय आणि आजोबा श्वास धरून बसलेत. अर्ध्या मिनिटाने ओठ न हलवता म्हणाले, काढला का रे? मी म्हणलं थांबा बाबा. परत श्वास धरला. लग्नात पण हेच होतं बघा, ग्रुप फोटोला आवाज झाला नाही की म्हाताऱ्या बायका हलतच नाहीत, काढला का, काढला का, आणि काढला म्हणलं तरी त्यांचा विश्वास बसत नाही, कारण खाट झालं नाही ना.

अण्णा काउंटरवरून उठले. मार्क थ्री घेतला, बंदच, डोळ्याला लावला, एक पाऊल मागं गेले, आजोबांची हनुवटी बोटाने जराशी खाली केली. मग चालू केला. खाट.

"झालं. उठा बाबा, टोपी घाला."

मी म्हणलं अण्णा, अजून एक-दोन घ्या, डोळे मिटले असतील तर. ते तोवर कॅमेरा बंद करून पावतीबुक शोधत होते.